आंतरराष्ट्रीयता : एका शब्दाचे अर्थ आणि वापर

राजकारणात काही शब्द असे असतात की ते सर्वांनाच आवडतात. राजाला आवडतात, प्रजेला आवडतात, जेत्याला आवडतात आणि पराभूतालाही. असा शब्द दिसला की अभ्यासकाने सावध व्हावे. कारण जो शब्द सर्वांच्या उपयोगी पडतो त्याचा अर्थ प्रत्येकाच्या तोंडी वेगळा असण्याचीच शक्यता अधिक. ‘आंतरराष्ट्रीयता’ हा असाच एक शब्द आहे. सीमेपलीकडच्या माणसाशी सहकार्य करण्याची भूमिका, एवढा त्याचा सरळ अर्थ आपण विद्यार्थ्यांना सांगतो. पण गेल्या दीडशे वर्षांत या शब्दाने कामगारांच्या संपाला बळ दिले, गुलाम देशांच्या प्रतिनिधींना एका टेबलाशी बसवले, आणि रणगाड्यांनाही वाट करून दिली.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. आमच्या पाठ्यपुस्तकात ‘आंतरराष्ट्रीय’साठी ‘बैनुल अक्वामी’ हा शब्द येतो. ‘बैन’ म्हणजे दरम्यान, मध्ये. ‘अक्वाम’ हे ‘कौम’चे अनेकवचन. मराठीतही रचना तीच आहे. फक्त मराठीतल्या ‘अंतर’ला ‘मधला दुरावा’ असाही अर्थ आहे, आणि तो मला फार सूचक वाटतो. दोन राष्ट्रांच्या मध्ये जे असते ते पूलही असू शकते आणि दरीही. एकदा नववीतल्या एका मुलीने विचारले, “मॅडम, बैनुल अक्वामीमधली कौम म्हणजे आपण मुसलमान की भारत?” प्रश्न साधा वाटला तरी तो नवा नाही. याच प्रश्नावर आपल्या समाजातील थोर थोर माणसे एकमेकांशी भांडली आहेत. त्याकडे पुढे येऊच. आधी हा शब्द आला कुठून ते पाहू.

शब्दाचा जन्म

‘इंटरनॅशनल’ हा इंग्रजी शब्द फार जुना नाही. जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताने तो घडवला. त्याचा नीतितत्त्वे आणि कायदेनिर्मिती यांवरील ग्रंथ १७८० साली छापून तयार झाला आणि १७८९ साली प्रसिद्ध झाला. हा शब्द नवा आहे अशी कबुली त्याने तळटीपेत देऊन ठेवली आहे. त्या काळी दोन राज्यांमधील व्यवहाराच्या कायद्याला ‘राष्ट्रांचा कायदा’ म्हणत. या नावावरून तो देशाच्या आतला कायदा वाटतो, म्हणून वेगळा शब्द हवा, इतकाच बेंथमचा हेतू होता. म्हणजे हा शब्द जन्मला तेव्हा त्यात बंधुभाव नव्हता, मानवता नव्हती. सार्वभौम सत्ताधीशांनी एकमेकांशी कोणत्या नियमाने वागावे एवढाच त्याचा आवाका होता. सामान्य माणूस त्या चित्रात कुठेच नव्हता.

तो चित्रात आला कामगार चळवळीमुळे, आणि या प्रसंगाचा एक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत पोहोचतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा कापूस थांबला. गिरण्या बंद पडल्या, हजारो कुटुंबे उपाशी राहिली. इकडे मुंबईत मात्र त्याच कापसाने सोने केले. खानदेश-वऱ्हाडच्या आणि गुजरातच्या कापसाला कधी मिळाला नव्हता असा भाव आला, मुंबईत कंपन्यांचे आणि शेअरांचे पेव फुटले, आणि युद्ध संपताच १८६५ साली तो सगळा डोलारा कोसळला. पैसा सीमा कशा ओलांडतो हे मुंबईने त्या वेळी पाहिले. लँकेशायरमध्ये दिसले ते वेगळेच. तिथल्या व्यापाऱ्यांपैकी अनेकांना वाटत होते की इंग्लंडने दक्षिणेच्या, म्हणजे गुलामी टिकवू पाहणाऱ्यांच्या बाजूने उभे राहावे आणि कापूस सुरू करून घ्यावा. परंतु मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ च्या अखेरीस सभा भरवून गुलामीविरुद्ध लढणाऱ्या उत्तरेला पाठिंबा दिला आणि तसे पत्र अध्यक्ष लिंकन यांना पाठवले. जानेवारी १८६३ मध्ये लिंकन यांनी त्यांना उत्तर लिहून त्यांच्या त्यागाचा गौरव केला. स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन, ज्यांचे तोंडही पाहिले नाही अशा काळ्या गुलामांची बाजू घेणे, हा या शब्दाला मिळालेला पहिला मानवी अर्थ होय.

याच वातावरणात २८ सप्टेंबर १८६४ रोजी लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघाची स्थापना झाली. इतिहासात तिला ‘पहिली इंटरनॅशनल’ म्हणतात. तिचे प्रास्ताविक निवेदन कार्ल मार्क्सने लिहिले. तिचे एक काम अगदी व्यवहारी होते. एका देशात संप झाला की मालक शेजारच्या देशातून कामगार आणून तो मोडत. तसे होऊ नये म्हणून कामगारांनी एकमेकांना आधीच कळवायचे. सहकार्य म्हणजे नुसती सहानुभूती नाही, त्यात कामाची वाटणी असते, हे येथे दिसते.

पण या इमारतीलाही तडा होता. १८८९ साली पॅरिसमध्ये दुसरी इंटरनॅशनल स्थापन झाली. तिच्या १९०४ च्या अॅमस्टरडॅम अधिवेशनात दादाभाई नवरोजी बोलले. १९०७ च्या स्टुटगार्ट अधिवेशनात मॅडम भिकाजी कामा यांनी हिंदी स्वातंत्र्याचा झेंडा फडकवला. हे आपल्या पुस्तकांत असते. त्याच स्टुटगार्ट अधिवेशनात आणखी काय घडले ते मात्र सहसा नसते. समाजवाद्यांनी वसाहतींना तत्त्वतः विरोध करू नये, समाजवादी राजवटीतही वसाहती सुधारणेचे काम करू शकतील, अशा आशयाची भूमिका तिथे मांडली गेली होती. ती १०८ विरुद्ध १२७ मतांनी फेटाळली गेली. फरक फक्त एकोणीस मतांचा! जगातल्या कामगारांच्या एकीची शपथ घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना आशिया-आफ्रिकेचे लोक अजून कोणाच्या तरी ताब्यातच राहिलेले चालणार होते. आणि १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध भडकताच युरोपातील बहुतेक समाजवादी पक्षांनी आपापल्या सरकारच्या युद्धखर्चाला संमती दिली. दुसरी इंटरनॅशनल तिथेच मोडून पडली.

आपल्या घरातली गोष्ट

याच काळात हिंदी मुसलमानांची स्वतःची एक सीमापार चळवळ उभी राहत होती. तिला आपण ‘बैनुल अक्वामी’ म्हणत नव्हतो. ‘इत्तेहाद-ए-इस्लाम’ म्हणत होतो. या चळवळीचा पहिला ठळक आविष्कार अतिशय देखणा आहे. १९१२ साली बाल्कन युद्ध सुरू झाले आणि तुर्की सैनिक जखमी होऊन इस्पितळांत येऊ लागले. मौलाना मोहम्मद अली यांच्या ‘कॉम्रेड’ पत्राने मदतीचे आवाहन केले, लोकांनी पैसा दिला, आणि डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली एक वैद्यकीय पथक डिसेंबर १९१२ मध्ये मुंबईहून जहाजाने निघाले. पथकात डॉक्टरांबरोबर अब्दुर्रहमान सिद्दीकी, चौधरी खलीकुज्जमाँ यांच्यासारखे तरुणही होते. त्यांनी तिथे काही महिने जखमींची शुश्रूषा केली आणि १९१३ च्या उन्हाळ्यात ते परतले. तिकडे गरज होती, इकडे तयारी होती, आणि जे काम करायचे ते दोन्ही बाजूंना ठाऊक होते. हे सहकार्य होते.

खिलाफत चळवळीबद्दल असे निखळपणे म्हणता येत नाही. हे लिहिणे सोपे नाही, कारण या चळवळीने हिंदू-मुसलमानांना जसे एकत्र आणले तसे त्याआधी आणि त्यानंतर क्वचितच घडले. मुंबई हे तिचे मोठे केंद्र होते. भायखळ्याचे खिलाफत हाऊस आजही त्याची साक्ष देते. साध्या माणसांनी या चळवळीसाठी तुरुंगवास भोगला, बायकांनी दागिने दिले. त्या त्यागाला सलाम करूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा. ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते त्यांना काय हवे होते?

अरबांचा एक मोठा गट १९१६ पासूनच उस्मानी सत्तेविरुद्ध उठला होता. त्यांना इंग्रजांनी फसवले हे खरे. पण त्यांना तुर्कांच्या हाताखाली राहायचे नव्हते हेही तितकेच खरे. आपली मागणी मात्र अरबभूमी खलीफाच्याच अधिकारात राहावी अशी होती. खुद्द तुर्कस्तानात मुस्तफा कमाल यांच्या नेतृत्वाखाली नवे राष्ट्र घडत होते. नोव्हेंबर १९२२ मध्ये तिथल्या राष्ट्रसभेने सुलतानपद रद्द केले. १९२३ च्या अखेरीस आगाखान आणि सय्यद अमीर अली यांनी पंतप्रधान इस्मत पाशा यांना पत्र लिहून खलीफाचा मान राखावा अशी विनंती केली. ते पत्र सरकारच्या हाती पोहोचण्यापूर्वीच इस्तंबूलच्या वृत्तपत्रांत छापून आले. अंकाराच्या राज्यकर्त्यांनी त्याकडे बाहेरच्यांचा हस्तक्षेप म्हणून पाहिले, आणि खलीफापदाच्या विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळाले. ३ मार्च १९२४ रोजी खिलाफतच संपुष्टात आली. आपल्या बाजूचे प्रेम सच्चे होते. परंतु सहकार्याला दोन बाजू लागतात, आणि दुसऱ्या बाजूचे मत आपण विचारलेच नव्हते.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट हिजरतीची. १९२० साली, हिंदुस्थान आता राहण्याजोगा उरला नाही, अफगाणिस्तानात चला, अशी हाक उठली. अफगाणिस्तानचे अमीर अमानुल्ला यांनी सुरुवातीला स्वागताची भाषा केली. सरहद्द प्रांत, सिंध आणि पंजाबमधून हजारो लोक निघाले. घरे, शेते, गुरे मिळेल त्या भावाने विकली. पण अफगाणिस्तान गरीब देश, इतक्या माणसांना तो कुठून पोसणार? ऑगस्ट १९२० मध्ये तिथल्या सरकारने येणाऱ्यांना थांबवले. पुष्कळजण परत फिरले; वाटेत उन्हाने, भुकेने, आजाराने माणसे गेली. जे परतले त्यांच्या जमिनींवर आता दुसऱ्याची नावे होती. भावनेला सीमा नसते हे खरे, पण भाकरीला असते.

ताश्कंदचा धडा

या मुहाजिरांपैकी काही तरुण मागे फिरले नाहीत. तुर्कस्तानला जाऊन लढायचे म्हणून ते उत्तरेकडे निघाले. आमू नदीच्या परिसरात तुर्कमेन बंडखोरांनी त्यांना पकडले. ज्यांच्याकडे धर्मबांधव म्हणून पाहत ते निघाले होते त्यांनीच कैद केले आणि सुटका झाली ती रशियाच्या लाल सैन्यामुळे. त्यांच्यापैकी काहीजण ताश्कंदला पोहोचले. तिथे मानवेंद्रनाथ रॉय होते. १७ ऑक्टोबर १९२० रोजी ताश्कंदमध्ये हिंदी कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला आणि त्याचे सचिव झाले मोहम्मद शफीक. इत्तेहाद-ए-इस्लामच्या वाटेने निघालेली मुले दुसऱ्याच आंतरराष्ट्रीयतेच्या दारात येऊन उभी राहिली होती.

हे दारही किती काळ उघडे राहिले? त्याच्या आदल्याच महिन्यात बाकू येथे पूर्वेकडील जनतेची परिषद भरली होती. सुमारे दोन हजार प्रतिनिधी आले होते. तिथे तिसऱ्या इंटरनॅशनलचे प्रमुख झिनोव्हिएव्ह यांनी ब्रिटिश साम्राज्यशाहीविरुद्ध चक्क ‘पवित्र युद्धा’ची हाक दिली. धर्म न मानणाऱ्यांच्या तोंडी जिहादची भाषा! पुढे सुमारे सहा महिन्यांनी, मार्च १९२१ मध्ये, रशिया आणि ब्रिटन यांचा व्यापारी करार झाला. त्यात हिंदुस्थान आणि अफगाणिस्तान यांच्याबाबतीत ब्रिटिशविरोधी प्रचार न करण्याची अट होती. ताश्कंदमध्ये हिंदी तरुणांसाठी काढलेली लष्करी शाळा बंद झाली. रशियाला उपासमारीतून वाचायचे होते, व्यापार हवा होता. त्याची अडचण समजू शकते. पण किंमत कोणी मोजली? जे तरुण मायदेशी परतले त्यांपैकी अनेकांना पकडून पेशावरच्या कटखटल्यांत सक्तमजुरीच्या शिक्षा झाल्या. पुढे १९४३ च्या मे महिन्यात, महायुद्धात अमेरिका-ब्रिटनशी मैत्री जपणे आवश्यक झाले तेव्हा, तिसरी इंटरनॅशनलच विसर्जित करण्यात आली. सत्तेच्या हिशेबात आंतरराष्ट्रीयतेचे खाते नेहमी शेवटचे असते.

राष्ट्रांचा संघ कोणाचा?

पहिल्या महायुद्धानंतर या शब्दाला तिसरा अर्थ मिळाला. जानेवारी १९२० मध्ये राष्ट्रसंघ अस्तित्वात आला. युद्ध टाळण्यासाठी सरकारांनी एकत्र बसावे ही कल्पना वाईट नव्हती. परंतु पाया घातला जात असतानाच काय झाले पाहा. १९१९ च्या पॅरिस परिषदेत जपानने सूचना केली की संघाच्या घटनेत सर्व राष्ट्रांच्या समानतेचे, वंशभेद न मानण्याचे तत्त्व असावे. सतरापैकी अकरा मते बाजूने पडली. तरीही अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सन यांनी एकमत नाही म्हणून ती सूचना नामंजूर केली. सीरिया, इराक, पॅलेस्टाइन हे प्रदेश तर याच राष्ट्रसंघाच्या शिक्क्याने ‘मँडेट’ म्हणून फ्रान्स आणि ब्रिटनच्या ताब्यात गेले. हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य होता, पण आपले प्रतिनिधी कोण हे इंग्रज सरकार ठरवत होते! इक्बालांनी फारसीत आणि उर्दूत या संघावर जे जळजळीत लिहिले त्याचे कारण या इतिहासात आहे.

‘कौम’चा पेच

आता त्या नववीतल्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. १९३८ साली देवबंदचे मौलाना हुसेन अहमद मदनी यांनी दिल्लीच्या एका भाषणात प्रतिपादन केले की या काळात कौमा वतनामुळे बनतात, म्हणून हिंदुस्थानात राहणारे सर्व मिळून एक कौम आहेत. इक्बाल त्या वेळी आजारी होते. त्यांनी काही ओळींची कविता लिहून मौलानांवर कडक टीका केली. त्यांच्या दृष्टीने मुसलमानांची एकता वतनावर नव्हे, दीनवर उभी होती. पत्रव्यवहार झाला, गैरसमज थोडा निवळला, आणि एप्रिल १९३८ मध्ये इक्बालांचे निधन झाले. मदनींनी मग ‘मुत्तहिदा कौमियत और इस्लाम’ हे पुस्तक लिहून आपली बाजू मांडली. त्यांचा एक मुद्दा शब्दार्थाचाच होता. कुरआनात पैगंबर ज्यांना ‘माझी कौम’ म्हणून संबोधतात त्यांत ईमान न आणणारेही असतात. म्हणजे कौम होण्यासाठी धर्म एकच असावा लागत नाही. श्रद्धेचे नाते ज्यात आहे तो शब्द ‘मिल्लत’.

माझ्या मते हा भेद लक्षात न घेतल्यामुळे आपले पुष्कळ नुकसान झाले आहे. उम्मत हे श्रद्धेचे नाते आहे. हजच्या मैदानात ते दिसते, दुआमध्ये ते असते, आणि त्याला पासपोर्ट लागत नाही. बैनुल अक्वामी सहकार्य ही वेगळी गोष्ट. ते नागरिक म्हणून करायचे असते, त्यासाठी आधी आपली एक कौम, एक देश असावा लागतो. जो स्वतःच्या घरात उभा आहे तोच शेजाऱ्याला हात देऊ शकतो. उम्मतचे नाते आणि राज्याचे धोरण यांची गल्लत केली की काय होते ते १९६९ साली मोरोक्कोच्या रबात शहरात दिसले. अल-अक्सा मशिदीला लागलेल्या आगीनंतर इस्लामी देशांची शिखर परिषद तिथे भरली. कोट्यवधी मुसलमानांचा देश म्हणून भारताला निमंत्रण मिळाले. फखरुद्दीन अली अहमद यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पोहोचलेही. पण पाकिस्तानचे याह्या खान अडून बसले आणि भारताला बाहेर ठेवण्यात आले. भाषा उम्मतची होती, निर्णय सरकारांच्या राजकारणाचा होता. त्या संघटनेने २०११ साली आपल्या नावातला ‘परिषद’ हा शब्द बदलून ‘सहकार्य’ केला. मार्च २०१९ मध्ये अबुधाबीच्या बैठकीत भारताच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज सन्माननीय पाहुण्या म्हणून बोलल्या. पन्नास वर्षांत कुराआनही बदलले नाही आणि उम्मतही; बदलले ते देशांचे हितसंबंध.

ब्रुसेल्स ते बांडुंग

या शब्दाची सगळीच कहाणी निराशेची नाही. फेब्रुवारी १९२७ मध्ये ब्रुसेल्स येथे साम्राज्यशाहीने दडपलेल्या लोकांची परिषद झाली. हिंदुस्थानातून जवाहरलाल नेहरू, इंडोनेशियाचे मोहम्मद हत्ता, अल्जीरियाचे मेसाली हाज असे लोक तिथे भेटले. आणखी एक वृद्ध हिंदी तिथे आले होते, मौलवी बरकतुल्ला भोपाली. १९१५ साली काबूलमध्ये राजा महेंद्रप्रताप यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानचे जे हंगामी सरकार स्थापन झाले त्याचे ते पंतप्रधान होते. राष्ट्राध्यक्ष हिंदू, पंतप्रधान मुसलमान, राजधानी परदेशात आणि ध्येय मायदेशाचे स्वातंत्र्य! ब्रुसेल्सनंतर काही महिन्यांतच अमेरिकेत त्यांचा मृत्यू झाला. सीमा ओलांडून जाणारा माणूस देशाचा नसतो असे ज्यांना वाटते त्यांनी बरकतुल्लांचे चरित्र वाचावे.

या भेटी वाया गेल्या नाहीत. १८ ते २४ एप्रिल १९५५ या काळात इंडोनेशियातील बांडुंग येथे आशिया-आफ्रिकेतील २९ देश जमले. उद्घाटनाच्या भाषणात अध्यक्ष सुकार्नो यांनी ब्रुसेल्सची आठवण मुद्दाम काढली. यजमानपद पाच देशांचे होते आणि त्यांत भारत व पाकिस्तान दोघेही होते, हे आज कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही. तिथे मतभेदही झाले. सिलोनच्या पंतप्रधानांनी पूर्व युरोपावरील रशियाचे वर्चस्व हाही वसाहतवादच नाही का, असा अडचणीचा प्रश्न विचारला. पण बेंथमच्या मूळ चित्रात ज्यांना जागाच नव्हती ते लोक आता स्वतः बोलत होते.

या काळातले माझे सर्वांत आवडते उदाहरण मात्र सरकारांचे नाही. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर चिनी सेनापती झू दे यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना निधी जमला आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर मुंबईहून निघाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे अठ्ठावीस वर्षांचेही न झालेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस परतले नाहीत. ते चिनी भाषा शिकले, युद्धभूमीवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केले आणि मुलाचे नाव ‘भारत’ व ‘चीन’ या दोन अक्षरांवरून ठेवले. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला. १९६२ साली भारत-चीन युद्ध झाले, पण कोटणिसांची कबर चीनने जपली. १९१२ चे अन्सारी आणि १९३८ चे कोटणीस, दोघेही एकाच बंदरातून निघाले. एक तुर्की जखमींसाठी, दुसरा चिनी जखमींसाठी. पहिल्याला ‘परदेशनिष्ठ’ आणि दुसऱ्याला ‘विश्वबंधू’ म्हणणारी दोन मापे इतिहासाच्या दुकानात असू नयेत.

शब्द कोणाच्या हाती?

दोन मापांचा दोष एकाच बाजूचा नाही. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रशियाचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले, तेव्हा त्याला ‘आंतरराष्ट्रीयतेचे कर्तव्य’ म्हटले गेले. डिसेंबर १९७९ मध्ये अफगाणिस्तानात सैन्य घुसले तेव्हाही तेच. तिथे लढलेल्या सोव्हिएत सैनिकांना ‘आंतरराष्ट्रीयतावादी योद्धा’ असे बिरुदच मिळाले. आणि त्यांच्याविरुद्ध अमेरिका, सौदी अरेबिया व पाकिस्तान यांनी पैसा आणि शस्त्रे ओतली, देशोदेशीचे तरुण आणले, त्यावर उम्मतचे नाव टाकले. एका बाजूला आंतरराष्ट्रीयता, दुसऱ्या बाजूला उम्मत. दोन्ही सुंदर शब्दांच्या मध्ये अफगाण शेतकरी मारला गेला. हाच तो देश, ज्याच्या दारात १९२० साली आपले मुहाजिर उभे होते.

तेव्हा हा शब्द कानावर पडला की मी मुलांना तीन प्रश्न विचारायला सांगते. हे सहकार्य ठरवले कोणी? ज्याच्यासाठी आहे त्याने ते मागितले होते का? आणि त्याची किंमत कोण मोजणार आहे? मँचेस्टरच्या कामगारांनी किंमत स्वतः मोजली. अन्सारी आणि कोटणीस यांनीही. हिजरतीत हाक देणारे एक होते, किंमत मोजणारे दुसरे. १९६८ साली तर ज्याला मदत केली म्हणायचे त्याच्याच छातीवर रणगाडा होता.

आज भारतीय मुसलमानाने पॅलेस्टाइनमधील मुलांसाठी हळहळ व्यक्त केली की त्याच्या देशनिष्ठेची चौकशी होते. अशा वेळी दोन्हीकडचे कान धरावे लागतात. चौकशी करणाऱ्याला सांगावे लागते की अन्यायाविरुद्ध सीमेपलीकडे पाहणे ही याच देशाची परंपरा आहे. भारताने १९८८ साली पॅलेस्टाइन राज्याला मान्यता दिली ती काही एका धर्माच्या सांगण्यावरून नव्हे. आणि आपल्या मुलांनाही सांगावे लागते की दुःख आपल्या नात्यातले असेल तरच डोळ्यांत पाणी येत असेल, तर ती आंतरराष्ट्रीयता नाही. लँकेशायरच्या उपाशी माणसाने गुलामाचा धर्म विचारला नव्हता. शेजारच्या गल्लीतील दलित वस्तीवर हल्ला झाला तर आपण जातो का, सीमेपलीकडे मुसलमान राज्यकर्त्यांनी मुसलमानांवर किंवा अल्पसंख्याकांवर जुलूम केला तर आपण बोलतो का, यावर आपल्या शब्दाची किंमत ठरेल.

त्या मुलीला मी एवढेच उत्तर दिले की कौम म्हणजे हा देश, आणि त्यातली तूही; मिल्लत तुझ्या मनात आहे, ती कोणी काढून घेऊ शकत नाही; आणि ‘बैन’ म्हणजे जी मधली जागा आहे ती रिकामी ठेवू नकोस. ती रिकामी राहिली की तिथे कोणीतरी काटेरी तार आणून लावतो.